घोडीसाठी इलेक्ट्रोलाइट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी मारवाडी घोडी सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. ४० आणि ६० किलोमीटरच्या एन्ड्युरन्स शर्यतींच्या तयारीसाठी आम्ही नीरा कालव्याच्या कडेने लांब रपेट करतो.

सुरुवातीचे चार महिने इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे घामातून जाणारे क्षार भरून काढणाऱ्या पुडीचा, तयार डबा वापरला. पूड गोड असल्याने घोडी ती आनंदाने चाटत असे. मात्र घटकांच्या यादीत पहिले नाव डेक्स्ट्रोजचे, म्हणजे साखरेचे होते आणि पुढे खायचा सोडाही होता. घोड्याच्या लिटरभर घामातून सुमारे १० ग्रॅम क्षार जातात आणि कडक उन्हात तासाला १० लिटरपर्यंत घाम गळू शकतो, तिथे साखर काय भरून काढणार? अल्कलीधर्मी सोडा तर नकोच, कारण घामावाटे क्लोराइड गेल्याने लांब पल्ला धावलेल्या घोड्याचे रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेले असते. माणसांचे ओआरएसही पाहिले: लिटरभराच्या पुडीत मीठ अवघे २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम.

आता दोन भाग साधे मीठ व एक भाग पोटॅशियम क्लोराइड घरीच मिसळतो. त्यातले ३० ग्रॅम दह्यात कालवून, सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने जिभेच्या मागच्या बाजूला सोडतो. पहिले काही दिवस निम्मे दही मोतद्दाराच्या सदऱ्यावरच गेले.

फरक दिसला तो पाण्यापाशी. घोड्याच्या घामात पाण्याबरोबर क्षारही भरपूर जात असल्यामुळे रक्ताचा खारटपणा वाढत नाही आणि शरीर सुकत असतानाही त्याला तहान जाणवत नाही. पूर्वी २० किलोमीटरनंतर हौदाचा नुसता वास घेऊन मान फिरवणारी घोडी आता सावकाश पिते; प्रत्येक घोटाला तिचे कान मागेपुढे हलतात, म्हणून ते घोट मी मोजू शकतो. विसाव्यात नाडी मिनिटाला ६४ ठोक्यांच्या खाली येण्यासही कमी वेळ लागतो, पण त्यात सरावाचा वाटा किती, हे सांगणे कठीण आहे.

मार्चमध्ये मात्र चूक झाली. घोडी पाण्याला तोंड लावत नव्हती, तरी ‘मीठ दिले की पिईल’ या भरवशावर मी तिला एक मात्रा दिली. आधीच पाणी कमी असलेल्या शरीरातून मिठाने आतड्याकडे आणखी पाणी ओढले. ती वरचा ओठ उचलत, मलूल उभी राहिली. डॉक्टरांनी कुशीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा आतड्याचा आवाज जवळजवळ बंद होता. नाकातून नळी घालून पाणी द्यावे लागले. तेव्हापासून आधी पाणी, मगच मीठ. ती प्याली नाही तर रपेट तिथेच थांबते.

मिठाचा हा दाट लगदा रिकाम्या पोटी दिल्यास जठरातील व्रण वाढू शकतात, म्हणून आधी लसूणघासाची पेंढी टाकतो. एरवी रोजच्या चंदीत थोडे मीठ असतेच. कधी बादलीतल्या पाण्यात क्षार घातले, तर शेजारी साध्या पाण्याची बादलीही ठेवतो. दहापैकी आठ वेळा घोडी तीच रिकामी करते.