बी.कॉम.च्या मुलांसाठी पुन्हा टक्केवारी : पूर्व भागातील एक पूरक वर्ग

बारावीला बरे गुण मिळवूनही बी.कॉम.च्या पहिल्याच सत्रात अडखळलेल्या माझ्या भाच्याला आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातील एका पूरक वर्गात घातले. तेथे अभ्यासक्रम शिकवत नाहीत. वाचन, टिपणे काढणे आणि साधे हिशेब यांचीच तयारी करून घेतात.

पहिल्या दिवशी सरांनी विचारले, की ८०० रुपयांच्या चादरीची किंमत २५ टक्क्यांनी वाढवून पुन्हा २५ टक्क्यांनी कमी केली, तर किती होईल. जवळजवळ सगळ्यांनी ८०० लिहिले. उत्तर ७५० का येते, म्हणजे दुसरी टक्केवारी १००० वर काढायची असते, हे सरांनी स्वतः न सांगता मुलांकडूनच फळ्यावर मांडून घेतले, आणि ही पद्धत मला मनापासून पटली.

वाचनाच्या तासाला प्रत्येक परिच्छेदाचा आशय समासात चार-पाच शब्दांत लिहावा लागतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना तो आधी आपल्या भाषेत सांगण्याची मुभा आहे. सोलापुरात ही सोय कोणाला सुचायला इतका काळ का लागावा, कोण जाणे!

तक्रार एकच, पण लहान नाही. तपासलेल्या वह्या दोन-दोन आठवडे परत मिळत नाहीत, आणि तोवर जुनी चूक हातात मुरलेली असते. वर्गात मुले थोडी कमी घेतली, तर शुल्क वाढले तरी आम्ही ते आनंदाने भरू.