चेक शिकू की स्लोव्हाक?

मावसभाऊ चेक देशातल्या ब्रनो शहरात जॉबला चाललाय, त्याने विचारलं दोन्हीतली कुठली शिकू, सारख्याच आहेत ना. सारख्या आहेत, पण वाढल्या वेगळ्या.

आधी वय. लिहिण्याच्या बाबतीत चेक जुनी, 15व्या शतकातच अक्षरांवर खुणा द्यायची पद्धत आली, मग 1579 ते 1593 मध्ये क्रालित्से बायबल, म्हणजे बायबलचं चेक भाषांतर, छापलं. 1620 नंतर जर्मनचं वजन वाढत गेलं आणि पुढे भाषा परत उभी करताना दोब्रोव्स्कीसारख्या भाषापंडितांनी नमुना धरला तो जुन्या पुस्तकी चेकचा. तिथेच लोचा झाला. पुस्तकात 'म्लादी' म्हणजे तरुण, प्रागच्या रस्त्यावर तेच 'म्लादेय', म्हणजे क्लासमध्ये एक शिकायचं आणि बारमध्ये दुसरंच ऐकायचं. स्लोव्हाकला हा त्रास बराच कमी. 1787 ला बेर्नोलाक नावाच्या पाद्र्याने पश्चिमेकडच्या बोलीवर एक प्रमाण रूप बसवलं, ते टिकलं नाही, 1843 ला श्टूर नावाच्या लेखकाने मध्य भागातली बोली घेतली आणि थोड्या दुरुस्त्यांनी तीच चालली.

उच्चारात चेकचा 'द्वोर्झाक' या आडनावातला तो र आणि झ एकदम काढायचा आवाज, जीभेची वाट लागते राव. स्लोव्हाकमध्ये तो नाहीच. महिने पण स्लोव्हाकमध्ये सोपे, 'यानुआर'. चेकमध्ये जानेवारी म्हणजे 'लेदेन', 'लेद' म्हणजे बर्फ, त्यावरून.

बोलणारे चेकचे साधारण एक कोटी, स्लोव्हाकचे निम्मे.

ब्रनोत राहायचं तर चेकच शीक. स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हाला, नोकरी असेल किंवा नुसत्या हौसेने एखादी स्लाव्हिक भाषा चाखायची असेल तर स्लोव्हाक घे.