पेडलबोर्ड: सपाट फळी की पट्ट्यांची फ्रेम?

गिटारचा आवाज बदलणारी तीन-चार पेडल्स एकत्र बसवायची असतील तर सपाट फळी पुरते. पेडल तिरकं-सरळ कसंही चिकटवा, छोटं पेडलही फटीवर लटकत नाही. पण वायरींचं जंजाळ वरच राहतं आणि पेडल्सना वीज देणारा पॉवर सप्लाय एका पेडलची जागा खातो.

पट्ट्यांच्या ॲल्युमिनियम फ्रेमचं खरं सुख तिच्या पोटात आहे. सप्लाय खाली, वायरी फटींतून गायब. उतारामुळे मागच्या रांगेतला डिले (प्रतिध्वनीचं पेडल) दाबताना पुढच्या ओव्हरड्राइव्हचं (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलचं) बटण बुटाखाली येत नाही. बॉस कंपनीचं नेहमीचं पेडल सुमारे ७३ मिलिमीटर रुंद असतं. बाजूला वायर खुपसायच्या जॅकची जागा वेगळी धरा.

सहाच्या पुढे गेलात तर फ्रेमच घ्या. फक्त सप्लायची उंची आधी मोजा. माझा पहिला सप्लाय खाली मावला नाही, बोर्ड डुगडुगत राहिला.