दोन्ही बाजूंची पॉवर मीटर पेडलं: अंडर-२३ रायडरचा रिव्ह्यू

सायकल शर्यतीत ज्युनियर असताना पॉवर मीटरशिवाय, म्हणजे पायांचा जोर वॉटमध्ये मोजणाऱ्या यंत्राशिवाय, माझं काहीच अडलं नाही. १२०-१४० किलोमीटरच्या शर्यती, पाय भरले की आपसूक कळायचं. अंडर-२३ मध्ये (२३ वर्षांखालच्या गटात) आलो आणि टीमच्या पहिल्याच कॅम्पमध्ये कोचने विचारलं, "फाइल कुठेय?" फाइल म्हणजे राइडभरच्या वॉटची नोंद. म्हणून ही पेडलं आली. या जातीच्या बहुतेक पेडलांना पुढचं लागू पडेल, म्हणून कंपनीच्या नावात शिरत नाही.

बसवायला सोपी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात तेवढं सांभाळा. टाइम ट्रायलच्या (एकट्याने वेळेविरुद्ध चालवायच्या शर्यतीच्या) सायकलवर हलवायला पाच मिनिटं पुरतात, क्रँकमधल्या (पेडलच्या दांड्यातल्या) मीटरला ते सुख नाही. निघण्याआधी झीरो ऑफसेट करायचाच, म्हणजे जोर नसताना मीटर शून्यावर आणायचा. उन्हातून सावलीत आणलेल्या सायकलचा तर हमखास.

एका बाजूचं स्वस्तातलं मीटर घ्यावं का, हे सगळे विचारतात. ते फक्त डावा पाय मोजतं आणि दुप्पट करून दाखवतं. माझा डावा गुडघा मध्यंतरी दुखावला होता, तेव्हापासून डावीकडून साधारण ४७ टक्केच जोर येतो. म्हणजे मी ३०० वॉट काढत असेन तर डाव्याचे १४१, दुपटीने २८२. माझ्या ६२ किलो वजनाला हा फरक ४.८ आणि ४.५ वॉट प्रति किलो असा पडतो. निवड चाचणीत एवढ्यावरून माणूस यादीतून उडू शकतो. दोन्ही पाय सारखे चालत असतील, तर मात्र एका बाजूचं खुशाल घ्या.

खरी किंमत वसूल होते ती शर्यतीच्या शेवटच्या तासात. ताज्या पायांनी पाच मिनिटांचा आकडा आमच्या वयाची पोरंही प्रोंच्या आसपास काढतात. कोच बघतो तो २००० किलोज्यूल जाळल्यानंतरचा आकडा, म्हणजे सरासरी २०० वॉटने पावणेतीन तास चालवून झाल्यावरचा. तिथे माझा आलेख खाडकन खाली येतो, आणि पहिल्या करारातल्या बहुतेकांची हीच गत. २०१९ च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, स्लोव्हेनियाचा तादेज पोगाचार अवघ्या २० वर्षांचा होता, अशी मोठी शर्यत (ग्रँड टूर) पहिलीच. विसाव्या स्टेजला (टप्प्याला) त्याने जवळपास ४० किलोमीटर बाकी असताना अटॅक केला, एकट्याने स्टेज मारली आणि एकूण तिसरा आला. तीन आठवडे दमल्यावर उरलेली ताकद हीच, आणि ती वाढतेय का हे मला या पेडलांशिवाय कळलं नसतं.

आकड्यांवर करार मिळतात हेही खरं. ऑस्ट्रेलियाच्या जे व्हाइनने २०२० मध्ये झ्विफ्ट अकॅडमी (घरातल्या सायकलवरची ऑनलाइन निवड स्पर्धा) जिंकली आणि थेट अल्पेसिन-फेनिक्स या व्यावसायिक टीममध्ये गेला. २०२२ च्या व्हुएल्टात दोन स्टेजही मारल्या. पण बंचमध्ये (रायडरांच्या घोळक्यात) विसाव्या नंबरवर बसायचं की ऐंशीव्या, हे पेडल सांगत नाही. मागे राहिलात की प्रत्येक वळणानंतर स्प्रिंट मारून गॅप भरा. फाइल दणदणीत दिसते, निकाल फुसका. उतारावर तर वॉट शून्यच. बेल्जियमचा रेम्को एव्हेनेपूल वीस वर्षांचा असताना, २०२० च्या लोम्बार्डिया या इटलीतल्या शर्यतीत, उतारावरच्या पुलावरून खाली कोसळला आणि त्याचं ओटीपोटाचं हाड मोडलं. इंजिन, म्हणजे पायांतली ताकद, त्याच्याइतकं त्या वयात क्वचितच कुणाकडे असेल.

तक्रारी आहेतच. पडलो की आधी पेडल घासतं, आणि यात सगळं इलेक्ट्रॉनिक्स तिथेच. उजव्या पेडलच्या बाहेरच्या कडेला ओरखडा आहे, अजून तरी बिघाड नाही. बॅटरीच्या झाकणाचे आटे फार नाजूक, थंडीत बधिर बोटांनी उघडायला जाऊ नका. क्लीटही (बुटाखालची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) साध्या पेडलपेक्षा जड सुटते.

अंडर-२३ ला पोचलेल्याने डोळे झाकून घ्यावीत. ज्युनियरच्या आईवडिलांनो, आधी चांगले टायर घ्या आणि पोराला जास्त शर्यतींना पाठवा. मी स्वतः शर्यतीच्या दिवशी स्क्रीनवर वॉट ठेवतच नाही. किलोज्यूल आणि उरलेलं अंतर, बस्स. खायचं कधी ते त्यावरून ठरतं, बाकीचं कोच संध्याकाळी बघतो.