जुन्या गाडीत कूलंट बदलून अकरा महिने झाले : माझा अनुभव

गाडी पंचवीस वर्षांच्या पुढची आहे. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड आणि शिशाच्या डागानं जोडलेला तांबं-पितळेचा जुना रेडिएटर. ही माहिती सुरुवातीलाच देतेय, कारण कूलंट कुठलं घ्यायचं हे याच धातूंवर ठरतं. बाटलीतला रंग हिरवा आहे की लाल, याला काही अर्थ नाही. रंग कंपनी आपल्या मर्जीनं घालते. एकाच रंगाच्या दोन बाटल्यांत पूर्ण वेगळी रसायनं असू शकतात. ‘आधी हिरवं होतं, म्हणून हिरवंच घाला’ हा सल्ला मीही बरीच वर्षं पाळला.

मी घेतलं ते इथिलीन ग्लायकॉलचं, सिलिकेटवालं जुन्या पद्धतीचं कूलंट. दोन वर्षांनी बदलावं लागतं. शेजारच्याच फळीवर पाच वर्षं चालणारं लाँग लाइफ होतं आणि हात आधी तिकडेच गेला होता. पण दोघांची काम करायची पद्धत वेगळी असते. जुन्या पद्धतीचं कूलंट आतल्या सगळ्या धातूवर झटपट एक संरक्षक थर चढवतं, आणि त्यात ते स्वतः खर्ची पडतं, म्हणून आयुष्य कमी. सेंद्रिय आम्लांचं लाँग लाइफ कूलंट सावकाश काम करतं, जिथे गंज सुरू होतोय तिथेच मुख्यतः लागतं, म्हणून जास्त टिकतं. त्यासाठी यंत्रणा मात्र घट्ट बंद आणि काठोकाठ भरलेली हवी. जुन्या गाडीत पातळी थोडीफार उतरतेच, आत हवा शिरते. शिवाय शिशाचे डाग आणि जुनी गॅस्केटं यांच्याशी त्यातल्या काही प्रकारांचं पटत नाही. पाच वर्षांच्या सोयीसाठी रेडिएटर पणाला लावायची माझी तयारी नव्हती. तुमचा रेडिएटर अॅल्युमिनियम-प्लास्टिकचा असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल. गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय म्हटलंय ते आधी बघा.

आता मुख्य गोष्ट. आधीचं कूलंट काढण्यापूर्वी मी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे थेंबावरून गोठणबिंदू दाखवणाऱ्या उपकरणावर, एक थेंब टाकून पाहिला. गोठणबिंदू उणे 15 अंशांच्या आसपास आला, म्हणजे ग्लायकॉल जेमतेम 30 टक्के. निम्मं-निम्मं मिश्रण असतं तर तो उणे 37 च्या जवळ यायला हवा होता. माझ्याकडे गोठण्याइतकी थंडी कधी पडत नाही, पण ग्लायकॉल कमी म्हणजे गंजरोधक रसायनंही कमी आणि उकळबिंदूही खाली. मागच्या वेळी तर रेडिमिक्स, म्हणजे आधीच निम्मं पाणी मिसळलेलं कूलंट भरून घेतलं होतं. मग ते इतकं पातळ कसं झालं?

उत्तर इंजिनातच होतं. रेडिएटरचा खालचा नळ उघडला की सगळं कूलंट बाहेर येत नाही. माझ्या गाडीची एकूण क्षमता 6 लिटर, बाहेर आलं 3.8. उरलेलं 2.2 लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बसून राहिलं. ब्लॉकला निचऱ्याचा वेगळा बोल्ट आहे, पण तो गंजून इतका धरला होता की जोर लावला असता तर तुटलाच असता. तो सोडून दिला. डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन गरम करून, पूर्ण निवल्यावर काढून टाकलं, असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा पाणी जवळजवळ स्वच्छ आलं. पण याचा अर्थ आत आता 2.2 लिटर निव्वळ पाणी होतं. त्यावर 3.8 लिटर रेडिमिक्स घातलं असतं तर एकूण ग्लायकॉल झालं असतं 1.9 लिटर, म्हणजे 32 टक्के. मागच्या वेळी नेमकं हेच झालं असणार, वरून मी अधूनमधून साधं पाणी घालत होते ते वेगळंच.

म्हणून या वेळी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणलं. एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे 3 लिटर, आधी घातलं आणि वर 0.8 लिटर डिस्टिल्ड वॉटर. हिशेब चुकला नाही, रिफ्रॅक्टोमीटरवर उणे 36 आलं. ज्यांना ब्लॉकचा बोल्ट उघडता येत नाही, त्यांनी धुतल्यानंतर रेडिमिक्स घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नळाचं पाणी तर नकोच. त्यातले क्षार गरम पृष्ठभागावर पापुद्र्यासारखे बसतात, आणि नेमकी तिथेच उष्णता बाहेर पडायला हवी असते.

भरताना आणखी एक कळलं. 3.8 लिटर निघालं होतं, पण 3.3 लिटरलाच रेडिएटर काठापर्यंत आला. अर्धा लिटर बाहेर उरलं, म्हणजे तेवढी हवा आत अडकली होती. हीटर पूर्ण गरमवर ठेवला, झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू केलं आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणारी झडप, उघडायची वाट पाहिली. तो उघडताच मोठे बुडबुडे आले, पातळी झपकन खाली गेली आणि उरलेलं सगळं आत मावलं. जेवढं निघालं तेवढं परत गेलं पाहिजे, म्हणून काढताना मोजून ठेवा. एकदा इंजिन तापलं आणि झाकण लागलं की मात्र ते पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. वाफ आणि उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.

पहिल्या आठवड्यात रेडिएटरला जोडलेल्या राखीव बाटलीतली पातळी दोन बोटं उतरली, नंतर स्थिर. तिसऱ्या महिन्यात खालच्या होजच्या तोंडाशी पांढरट-हिरवा थर दिसला. होज दाबून पाहिला तर लिबलिबीत झाला होता. तो कूलंट बदलतानाच बदलायला हवा होता, ही माझी चूक. त्यापायी काढलेलं कूलंट परत भरायची मेहनत दुप्पट झाली. त्याच वेळी रेडिएटरचं झाकणही नवीन टाकलं, जुन्याच्या रबराला भेगा होत्या. हा छोटा भाग फार महत्त्वाचा आहे. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. झाकणानं साधारण 0.9 बार दाब धरला तर तोच बिंदू 125 च्या आसपास जातो. झाकण सैल असेल तर महागातलं कूलंटही काही करू शकत नाही.

पूर्वी लांब चढावर एसी चालू असला की काटा मध्याच्या वर सरकायचा. सहाव्या महिन्यात तशाच चढावर चार माणसं आणि सामान घेऊन गेले, काटा हलला नाही. याचं श्रेय एकट्या कूलंटला देता येणार नाही. धुलाई, झाकण आणि हवा काढणं यांचाही वाटा आहे. हीटर मात्र आता दोन-तीन मिनिटांत गरम हवा देतो, आधी कोमटच असायची.

तक्रार एकच. बाटलीच्या पुढच्या बाजूला रंग आणि वर्षं मोठ्या अक्षरांत, पण आत कुठल्या प्रकारची रसायनं आहेत ते कुठेच नाही. मागे बारीक अक्षरांत एएसटीएम डी 3306 हे मानक होतं. त्यावरून कूलंट हलक्या वाहनांसाठी आहे एवढं कळतं, सिलिकेट आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी मला कंपनीची तांत्रिक पत्रिका शोधावी लागली.

काढलेलं कूलंट मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल गोळा करतात तिथे दिलं. ते गटारात किंवा मातीत ओतू नका. चवीला गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोड्याशानंही त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावतात. भरताना सांडलेलंही लगेच भरपूर पाण्यानं धुऊन काढा.

परवा पुन्हा तपासलं. गोठणबिंदू उणे 36 वरच आहे, तपासणीच्या कागदी पट्टीवर कूलंट अजून अल्कलाइन (आम्लाच्या उलट) दाखवतंय, रंग स्वच्छ. राखीव बाटलीच्या तळाशी मात्र थोडा तांबूस गाळ जमलाय. तो ब्लॉकमधला जुना गंज, तीन धुलायांतही न निघालेला. आता दर रविवारी त्या अडकलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारतेय. पुढच्या बदलाला तेरा महिने आहेत, तोवर तो सुटला तर 6 लिटर पूर्ण काढता येईल.