पुरातून निघालेली लेथ: नऊ महिने वापरल्यावर

आधी हिशेब सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. लाकूडकामाची जुनी लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून हत्याराने गोल कातायचं मशीन, मिळाली 8,500 रुपयांना. तिच्यावरून पहिलं धड लाटणं उतरेपर्यंत एकूण 32,000 च्या पुढे गेले. त्यातला तिसरा हिस्सा मशीनवर नाही, धारेवर गेला. मशीन उभं करायला सहा आठवडे लागले आणि हत्याराला धार लावायला शिकायला सहा महिने. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी बेअरिंगपेक्षा धार लावायचा ग्राइंडर आधी घेतला असता.

मी सांगलीत पतसंस्थेत कॅश सांभाळते. सुतारकामाशी संबंध एवढाच की माहेरी आजोबांचं सुतारमेट होतं आणि ढलप्यांच्या ढिगात आम्ही खेळलोय. फेब्रुवारीत गावभागातलं एक दुकान बंद होणार असं कळलं. पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब, खाटेचे पाय असली कातीव कामं तिथे व्हायची. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आत शिरलं, लेथ कित्येक दिवस पाण्याखाली राहिली आणि त्यानंतर ती कुणी फिरवलीच नाही. मालक काका तिला भंगाराच्या काट्यावर चढवायला निघाले होते. मी भंगारवाल्यापेक्षा थोडं जास्त दिलं. "कशाला घेताय वो वहिनी, गंजलीय सगळी," असं म्हणत त्यांनीच ती टेंपोत चढवायला हात लावला.

घेताना मी तीनच गोष्टी बघितल्या. हेडस्टॉक (लाकूड फिरवणारी बाजू) आणि टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाने लाकूड धरणारी सरकती बाजू) दोन्ही बिडाचे, म्हणून रुपयाच्या नाण्याने जागोजाग ठोकून बघितलं. बीड खणखणीत वाजलं तर ठीक, कुठे बद्द आवाज आला तर आत तडा आहे समजायचं. दुसरं, बेडच्या, म्हणजे हे दोन्ही ज्यावर बसतात त्या लांब सांगाड्याच्या, दोन्ही चॅनेलवर लांब स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते पाहिलं. तिसरी गोष्ट स्पिंडल, म्हणजे हेडस्टॉकमधला फिरणारा दांडा, वाकला आहे का, पण ते कळायला मार्ग नव्हता, कारण तो फिरतच नव्हता. तिथे नशिबावर सोडलं. गंजाकडे मी मुद्दामच बघितलं नाही. गंज निघतो, वाकलेला स्पिंडल सरळ होत नाही.

हेडस्टॉकची कॅप काढली त्या दिवशीचा फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. आत ग्रीस नावाला नव्हतं. बेअरिंगमध्ये गाळ गच्च भरलेला, वाळून पिठासारखा झालेला, आणि बॉल काढल्यावर त्या गाळात त्यांचे गोल ठसे तसेच राहिलेले, ताटातला लाडू उचलल्यावर तळाशी कळीचा ठसा राहतो तसे. स्पिंडल कुपवाडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथल्या मिस्त्रींनी तो मेटलच्या लेथवर धरून डायल (वाक मोजायचं घड्याळासारखं साधन) लावला आणि म्हणाले, "मॅडम, सरळ हाय. गंज वरवरचाच हाय."

बेअरिंग 6206 नंबरची दोन लागली. आतलं भोक 30 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 62, कुठल्याही दुकानात मिळतात. बसवताना मात्र मी माती खाल्ली. बाहेरच्या रिंगवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने ठोकत स्पिंडलवर चढवलं. घट्ट बसायचं होतं आतल्या रिंगला आणि मार पडत होता बाहेरच्या रिंगवर, म्हणजे प्रत्येक ठोका मधल्या बॉलमधून गेला. चालू केल्यावर घर्रर्र आवाज. नवीकोरी बेअरिंग एका संध्याकाळीत गेली. दुसऱ्या वेळी आतल्या रिंगच्या मापाचा पाइपचा तुकडा घेतला आणि फक्त तिच्यावर ठोकलं.

सुटे बारीक भाग रात्रभर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवले. अर्धा किलो मागितलं तर किराणावाल्याने विचारलं, "भडंगचा धंदा काढला काय ताई?" सकाळी गंज काळा होऊन सुटतो, तारेच्या ब्रशने निघतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं, लगेच पुसून तेल लावायचं. चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत नारिंगी झाक चढलेली असते. बेडला रॉकेल आणि पॉलिश पेपर पुरला.

मोटरचं रामायण मोठं आहे. मूळ मोटर 1 एचपीची थ्री फेज, घरी सिंगल फेज. मोटर बदलण्यापेक्षा व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारी, फ्रिक्वेन्सी बदलून वेग कमीजास्त करणारी पेटी) घ्यायचं ठरवलं, म्हणजे वेगही बोटावर राहतो. पुराचं पाणी गेलेली म्हणून मोटर रिवाइंडिंगला दिली. ज्या दुकानात दिली तिथे सांगूनही त्यांनी नेहमीसारखी स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं आतच एकत्र जोडून) बांधून तीनच वायरी बाहेर काढल्या. मोटर फिरली छान, पण लाकडाला हत्यार टेकलं की मान टाकायची. कारण साधं आहे. सिंगल फेजच्या साध्या व्हीएफडीतून फार तर 230 व्होल्ट बाहेर पडतात, आणि स्टारमध्ये एकेका वाइंडिंगच्या वाट्याला त्यातले जेमतेम 133 येतात. तिला हवेत 230 ते 240. डेल्टामध्ये (टोकाला टोक, त्रिकोणात) जोडली की पूर्ण मिळतात. दुसऱ्या कारागिराने 400 रुपयांत सहा टोकं बाहेर काढून डेल्टा करून दिली. तेव्हापासून एकदाही अडली नाही. कुणी असं काही करणार असाल तर मोटर देतानाच "सहा वायरी बाहेर" असं कागदावर लिहून द्या.

व्हीएफडी आली म्हणून पुलीचे टप्पे काढून टाकू नका. मोटर 1440 आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे), पुली 3, 4 आणि 5 इंचाची, म्हणजे पट्टा बदलून साधारण 864, 1440 आणि 2400 मिळतात. फक्त फ्रिक्वेन्सी उतरवून वेग कमी केला की मोटरचा पंखाही मंदावतो, मोटर तापते आणि जोरही वाढत नाही. पट्टा खालच्या टप्प्यावर टाकला की जोर मिळतो. मी व्हीएफडी फक्त मधला वेग साधायला वापरते. ढोबळ नियम असा की लाकडाचा इंचातला व्यास गुणिले आरपीएम 6,000 ते 9,000 च्या आत ठेवायचा. आठ इंची लाकूड असेल तर 750 ते 1100. ओबडधोबड लाकूड असेल तर मी त्याच्याही बरीच खाली राहते.

टेलस्टॉक दीड मिलिमीटर खाली बसलेला निघाला. दोन्ही सेंटर (लाकूड दोन बाजूंनी धरणारे टोकदार भाग) टोकाला टोक लावून बघितले तेव्हा कळलं. रोज मागेपुढे सरकून त्याचा तळ झिजतो, हेडस्टॉक जागेवरच असतो. खाली पत्र्याच्या पट्ट्या घातल्या. लाटण्याला याने काही अडत नाही, पण ड्रिल लावलं की भोक तिरकं जातं. टेलस्टॉकचा जुना सेंटर न फिरणारा होता, लाकूड जळून धूर यायचा; 900 रुपयांचा फिरता सेंटर घेतला. स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूची चार पोती टाकली तेव्हा थरथर थांबली.

आता धारेकडे येते.

लेथबरोबर जुन्या पाच पटाश्या आल्या होत्या, साध्या पोलादाच्या. मी बाजारातल्या स्वस्तातल्या करड्या चाकावर जोर देऊन घासल्या. टोक निळं झालं. निळं झालं म्हणजे पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, ते मला आठवडाभराने समजलं. तोवर मी लेथलाच शिव्या घालत होते. बाभळीच्या लाटण्यावर खवल्यासारखे ओरखडे उठत होते, ढलप्यांऐवजी नुसता भुसा पडत होता, आणि मी बेअरिंग परत उघडून बघत होते. बेअरिंगचा काही दोष नव्हता.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत एका दुकानात ओळखीने गेले. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. त्यातलीच घराणी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळली. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला तिथे तारा पिळायच्या खुंट्या कशा करतात ते बघायचं होतं. तिथल्या चाचांनी माझी गोल पटाशी हातात घेतली, डाव्या अंगठ्याच्या नखावर तिचं पातं अलगद टेकवलं. ते घसरलं. त्यांनी ती परत माझ्या हातात दिली आणि शेजारचं त्यांचं हत्यार माझ्याच नखावर टेकवून दाखवलं. ते जिथे टेकवलं तिथेच रुतून बसलं. बाकी काही बोलले नाहीत, चहा मागवला.

त्यानंतर 6 इंची बेंच ग्राइंडर, त्यावर पांढरं चाक आणि हायस्पीड स्टीलची हत्यारं घेतली. हायस्पीड स्टील तापलं तरी पाणी लवकर उतरत नाही, शिकणाऱ्याला तेच बरं. खरी अडचण उताराची, म्हणजे धारेमागच्या तिरक्या घासलेल्या भागाच्या कोनाची. गोल पटाशीचा उतार 40 ते 45 अंश ठेवायचा, आणि दर वेळी तोच यायला हवा. हाताने धरून माझ्याकडून एका पात्याला चार उतार पडायचे. शेवटी प्लायच्या तुकड्याचा एक टेकू केला, त्यात दांडा ठेवायचा आणि तेवढाच फिरवायचा. उतारावर मार्करने काळं फासायचं, चाकाला हलकंच टेकवायचं आणि काळं कुठून गेलं ते बघायचं. मागच्या कडेचंच गेलं तर टेकू थोडा पुढेमागे करायचा. आता दहा-पंधरा मिनिटांच्या कामानंतर धार लावते, एका वेळेला अर्धं मिनिट लागतं. ज्या दिवशी बाभळीतून अखंड, किसासारखी लांब ढलपी निघून माझ्या मनगटावर पडली, त्या दिवशी सासूबाईंना हाक मारून दाखवली. त्या म्हणाल्या, "केर तूच काढ म्हणजे झालं."

टूलरेस्टचीही, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीचीही, एक गोष्ट राहिली. तिच्या कडेला वर्षानुवर्षांचे खड्डे पडले होते, हत्यार सरकवताना त्यात अडखळायचं आणि तीच लाट लाकडावर उमटायची. कानस मारून कड सरळ केली. फुकटातली दुरुस्ती, आणि फरक सगळ्यात मोठा.

लाकडांबद्दल माझं मत: लाटण्याला बाभूळ. जड, चिवट आणि आपल्याकडे मिळणारी. ओली असताना छान कातली जाते, पण मधला गाभा ठेवलात तर वाळताना हमखास चिरते, म्हणून खोड उभं चिरून गाभा सोडून तुकडे घ्यायचे आणि टोकांना मेण लावून ठेवायचे. चिंचेचे धागे उलटसुलट, धार जरा उतरली की उपटून येतात. पुरात भिजलेल्या जुन्या सागवानी चौकटी मिळाल्या, त्यांचे देव्हाऱ्याचे चार खांब झाले. खिळा राहिलाय का ते लोहचुंबकाने बघून घ्या, माझं एक पातं तिथेच गेलं. शिसवीसारखी झळाळी दुसऱ्या कशाला येत नाही, पण तिच्या भुशाने माझ्या मानेवर पुरळ उठतं. कुठल्याही लाकडाचा बारीक भुसा वाईटच. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1995 मध्येच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलंय. एन-95 मास्क लावल्याशिवाय मी पॉलिश पेपर हातात घेत नाही, आणि पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड लावल्याशिवाय बटण दाबत नाही. जूनमध्ये तिरकी पटाशी रुतून दीड फुटाचा तुकडा सुटला आणि शील्डवर आदळला. चरा अजून आहे. ओढणी नको, बांगड्या नकोत, मोकळे केस नकोत, आणि हातमोजे तर अजिबात नकोत. फिरत्या लाकडात मोजा अडकला की बोटंही त्याच्याबरोबर जातात.

लाटण्याला मी काहीच लावत नाही. भोवऱ्यांना लाख लावते, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणानेच वितळून चढते. चन्नपट्टणचे कारागीर वरून केवड्याच्या पानाने घासतात असं वाचलं होतं, म्हणून गौरीला आणलेल्या केवड्याची बाहेरची हिरवी पानं, काटे काढून, लावून बघितली. चकाकी आली, बोटंही ओरबाडली. देव्हाऱ्याच्या खांबांना जवसाचं तेल लावलं. तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका, वाळताना ती स्वतःच तापून पेट घेऊ शकते. मी दोरीवर पसरून वाळवते.

तक्रार एकच, पण मोठी. स्पिंडलचे आटे एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मापाचे, एका इंचात 7 आटे. यावर बसणारा एकही तयार चक (लाकूड जबड्यात पकडणारा भाग) मला बाजारात मिळाला नाही. त्यामुळे वाट्या, कुंड्या असली कामं फेसप्लेटवर (स्पिंडलवर बसणाऱ्या सपाट तबकडीवर) स्क्रू मारूनच करावी लागतात आणि बुडाला भोकं राहतात. कुपवाडला चक जोडायची बॅकप्लेट कातून मिळेल, पण चक धरून खर्च दहा हजारांवर जातो, तेव्हा तूर्तास राहू दिलंय. तुम्हाला वाट्याच करायच्या असतील तर अशी लेथ घेऊ नका, नवी छोटी घ्या. लाटणी, दांड्या, खांब, भोवरे करायचे असतील तर असलं जुनं बीड मिळालं की सोडू नका. नऊ महिन्यांत सव्वाशेच्या आसपास लाटणी झाली, बेअरिंग गरमसुद्धा होत नाही. रवी मात्र जमली नाही, खालचे कंगोरे हातानेच कोरावे लागतात आणि तिथे माझा धीर संपतो.

दिवाळीनंतर चाचांकडे तंबोऱ्याच्या दहा खुंट्या घेऊन गेले, शिसवीच्या. टेलस्टॉकमधला सेंटर जसा नुसत्या निमुळतेपणावर घट्ट धरून राहतो तशीच खुंटी भोकात राहते, स्क्रू नाही की डिंक नाही. त्यामुळे खुंटीचा उतार भोकाच्या उताराशी तंतोतंत जुळावा लागतो. चाचांनी प्रत्येक खुंटीला खडू फासला, भोकात घालून एक पीळ दिला, बाहेर काढून खडू कुठे पुसला गेला ते बघितलं. तीन ठेवून घेतल्या. उरलेल्या सातांतल्या दोन स्वयंपाकघरातल्या कपाटाला मुठी म्हणून बसवल्यात.