पुठ्ठ्याच्या खोक्यात सर्किट: फोंड्यातले दहा महिने

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तीन खोकी केली: पडवीतल्या तापमान-आर्द्रता मापकाला एक, टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या डिस्प्लेला एक आणि पंपाच्या रिलेला (पंप चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचला) एक. आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली, त्यातली दोन वापरात आहेत.

पुठ्ठ्याचं मोल मला कळलं ते बोर्ड बदलताना. पहिला नोडएमसीयू, म्हणजे यंत्र चालवणारा वायफायवाला छोटा बोर्ड, साधारण २६ मिमी रुंद होता, दुसरा आला तो ३१ मिमीचा. कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन बसलो, तासाभरात नवं खोकं तयार. वायफायही पुठ्ठ्यातून विनातक्रार जातं.

जाडीने मात्र दमवलं. मजबूत होईल म्हणून पाच पदरी पुठ्ठा घेतला, तर यूएसबीची पिन पोर्टपर्यंत पोचेना. वरवर बसलेली दिसायची, पण बोर्ड मधेच बंद पडायचा. भोकाभोवतीचे आतले पदर सोलून काढले तेव्हा पिन घट्ट बसली. त्यानंतर तीन पदरीच वापरतो. बोर्डाच्या स्क्रूखाली मोठा वॉशर हवाच, नाहीतर स्क्रूचं डोकं पुठ्ठ्यात रुततं.

खरी कसोटी पावसाळ्यात. जुलैत एका सकाळी आई म्हणाली, "अरे, तुझ्या खोक्याला बुरशी आलीय बघ." हात लावला तर खालची कड दुधात भिजलेल्या पावासारखी दबली. वर थेंबही पडला नव्हता, पुठ्ठा नुसत्या हवेतल्या दमटपणानेच मऊ झाला होता. कापलेल्या कडेला पदरांमधल्या नागमोडी कागदाच्या पन्हाळी उघड्या राहतात, दमट हवा तिथूनच आत शिरते. लाकडाच्या पांढऱ्या गोंदाचे सांधेही ढिले पडले होते. ते खोकं टाकून नवं केलं. यावेळी सगळ्या कडांवर कागदी पट्टी चिकटवली आणि आतून-बाहेरून व्हार्निशचे दोन हात दिले. मधे दिवसभर वाळू दिलं, घाई केली नाही. ऑगस्टच्या झडीत ते ताठ राहिलं.

मापकाची आणखी एक गोष्ट. सेन्सर बोर्डाशेजारी आत ठेवला होता आणि आकडा दोन-तीन अंशांनी जास्त यायचा. बोर्ड तापतो आणि पुठ्ठा ती ऊब धरून ठेवतो. आता सेन्सर वायरीवर खोक्याबाहेर, खालच्या बाजूला लोंबतो.

रिलेचं खोकं मात्र महिन्याभरातच काढलं. तिथे २३० व्होल्ट खेळतात. एखादा स्क्रू ढिला राहिला तर जोड तापतो, ठिणगी पडते, आणि पुठ्ठा म्हणजे शेवटी कागद. इथे कुणीही पुठ्ठा वापरू नये, हे मी कळकळीने सांगतो. लिथियम सेललाही नको. रिले आता विजेच्या दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये आहे. पाच व्होल्टवर चालणारी दोन्ही यंत्रं पुठ्ठ्यातच. त्यांचे कागदी साचे मापं लिहून कपाटात ठेवलेत, पुढच्या मे महिन्यात व्हार्निशचा एक हात पुन्हा द्यायचा आहे.